लाँगरायफलच्या दस्त्यावरची जुनी नक्षी नव्या मेपलवर कशी उतरवायची

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातली जुनी लाँगरायफल, म्हणजे लांब नळीची ठासणीची रायफल, पाहताना नजर आधी उजव्या बाजूच्या पितळी पॅचबॉक्सवर, म्हणजे दस्त्यातल्या झाकणाच्या डबीवर, जाते, कारण तो चकाकतो. कोरीवकाम शिकणाऱ्याने ती फिरवून डावी बाजू बघावी. गाल टेकायच्या उंचवट्यामागे, म्हणजे चीकपीसच्या मागे, पंजाएवढ्या जागेत कारागिराने आपली विद्या पणाला लावलेली असते. सी आणि एस आकाराची वळणं, त्यांच्या टोकांना गुंडाळत गेलेली वेटोळी, मधूनच फुटलेलं अकँथसचं पान. ही नक्षी नव्या लाकडात कशी उतरवायची ते इथे सांगतो. सुतारकामाची थोडीफार सवय आहे, पटाशीला धार लावता येते, पण उठावाचं कोरीवकाम कधी केलेलं नाही, असा वाचक मी डोळ्यासमोर धरला आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. जुन्या कारागिराने कुठलं हत्यार कुठे टेकवलं हे दिसेपर्यंत कोरायला बसू नका. ते कळलं नसेल तर पेन्सिलीने कितीही अचूक रेघ मारा, लाकडात ती मेलेलीच दिसते.

आधी मुलूख ठरवा

१८ व्या शतकात जर्मन मुलखातून आलेल्या बंदूककारागिरांनी पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात बस्तान बसवलं. सोबत आली ती आखूड, जाडजूड याएगर रायफल. इथे तिची नळी चाळीस इंचांच्या पुढे गेली, भोक बारीक झालं, दस्ता सडपातळ झाला. दस्त्यावरची नक्षी मात्र युरोपातल्या बरोक आणि रोकोको या वळणदार, नक्षीदार शैलींच्या फर्निचरच्या घराण्यातलीच राहिली. जेकब डिकर्ट १७४० मध्ये माइन्झला जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला आणि पुढे लँकेस्टरमध्ये नावारूपाला आला. नाझरेथजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या मोराव्हियन ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत आधी अँड्रियास अल्ब्रेख्ट आणि मग ख्रिश्चन ओर्टर काम करत होते. या नक्षीचा सुवर्णकाळ साधारण अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धापासून १८२० च्या आसपासपर्यंतचा मानतात.

प्रत्येक काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, तऱ्हा वेगळी. लँकेस्टरच्या दस्त्याची वरची आणि खालची रेषा सरळ, आणि त्यावर उठावाची रोकोको वळणं. लेहाय खोऱ्यात दस्त्याची पाठ किंचित कमानदार आणि नक्षी बरीचशी खोदीव, म्हणजे रेघा लाकडात आत कोरलेली. बेडफर्डकडे दस्ता अगदी बारकुडा, कोरीवकाम कमी आणि चांदीची जडणघडण जास्त. नवशिक्याने एकच मुलूख धरावा आणि त्यातलीही एकच बंदूक. डिकर्टच्या दस्त्यावर लेहायचं पान लावलं की जाणकाराला ते दारातूनच दिसतं.

खोदीव काम सोपं असतं असा समज आहे, म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात. माझं मत उलट आहे. खोदीव रेघ एकदा पडली की पडली. उठावात रेघ चुकली तर बाहेरच्या बाजूचं लाकूड अजून शिल्लक असतं, अर्धा मिलिमीटर सरकवून घेता येतं. म्हणून पहिलं काम लँकेस्टर वळणाचं, उठावाचं आणि मोठ्या वेटोळ्यांचं घ्या. लेबननच्या जॉन फिलिप बेकची ठसठशीत नक्षीही चालेल. आयझॅक हेन्सची नाजूक कामं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दस्त्यासाठी राखून ठेवा.

फोटोवर भागवू नका. डॉइल्सटाउनच्या मर्सर म्युझियममध्ये एडवर्ड मार्शल नावाच्या वसाहतकाराची जुन्या वळणाची रायफल आहे. लँकेस्टरजवळच्या लँडिस व्हॅली म्युझियमच्या संग्रहात त्या परिसरातल्या बंदुका आहेत. ओर्टरने १७७५ मध्ये केलेली एक रायफल १९७१ साली व्हॅली फोर्जमधून चोरीला गेली होती. ती २०१८ मध्ये सापडली आणि पुढे फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनमध्ये लोकांना बघायला ठेवली गेली. कपाटातल्या वस्तू बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी फोन करा. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत मराठी घरं भरपूर आहेत; तिथे राहणाऱ्यांना ही सगळी ठिकाणं शनिवार-रविवारच्या टप्प्यातली.

मूळ बंदूक समोर आल्यावर

खासगी संग्राहकाने बंदूक हातात दिली तर नक्षी बघण्याआधी ती भरलेली नाही ना ते तपासा. ठासणीच्या जुन्या बंदुका कित्येकदा भरलेल्याच सापडतात. मालकाच्या देखत लाकडी गज नळीत शेवटपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. तो नळीच्या मागच्या टोकाजवळच्या रंजकाच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग बंदूक खाली ठेवायची आणि जाणकाराला बोलवायचं.

दुसरी गोष्ट, मूळ दस्त्याला हत्यार लावायचं नाही. नक्षी झिजली आहे, पुसट झाली आहे, तर ती तशीच असू दे. जुनं काम ‘उजळून’ देणारे लोक आहेत, आणि त्यांनी उजळलेल्या बंदुकांची किंमतही उतरते आणि त्यांच्यावरचा विश्वासही. सिलिकॉनचा साचा घ्यायचा मोहही आवरा. त्यातलं तेल जुन्या लाकडात उतरून डाग पडू शकतो. पातळ कागद लावून पेन्सिल घासायची तर मालकाची परवानगी घेऊन, हलक्या हाताने. मी तेही टाळतो, कारण नीट काढलेल्या फोटोतून त्यापेक्षा जास्त मिळतं.

कायद्याचंही बघून घ्या. भारतात ठासणीची बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते आणि ती बनवायलाही परवाना लागतो. म्हणून महाराष्ट्रात बसून शिकणाऱ्याने नळी-चापाच्या फंदात न पडता नुसता दस्ता किंवा सपाट फळी कोरावी. कोरीवकाम शिकायला तेवढं पुरतं. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांना केंद्राचे नियम सैल असले तरी राज्याराज्यांचे वेगळे आहेत, त्यातही न्यू जर्सीचे कडक.

फोटो आणि मापं

खोलीतले दिवे बंद करा आणि एकच दिवा दस्त्याच्या जवळजवळ पातळीत, बाजूने लावा. समोरून उजेड पडला की मिलिमीटरभराचा उठाव नाहीसा होतो. बाजूने पडला की प्रत्येक कापाची सावली दिसते. दिवा चारही दिशांनी फिरवून चार फोटो घ्या. वेटोळ्याचा उतार कुठल्या बाजूला आहे हे एका फोटोत हमखास चुकतं.

कॅमेरा दोनेक मीटर मागे ठेवून झूम करा. मोबाइल जवळ नेला की मधलं मोठं आणि कडेचं लहान येतं, आणि त्या चित्रावरून कोरलेली नक्षी दस्त्यावर सुजल्यासारखी दिसते. मापपट्टी नक्षीच्याच पातळीत, तिला खेटून धरा. मग ठरावीक खुणांपासून अंतरं घ्या. बटप्लेटच्या (खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या) कडेपासून मागच्या वेटोळ्यापर्यंत, दस्त्याच्या वरच्या धारेपासून सर्वांत उंच वळणापर्यंत, चीकपीसच्या खालच्या रेषेपासून शेपटापर्यंत. धातूचा कंपास लावू नका, कागदाची पट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने खुणा करा. दस्ता गोलसर असल्यामुळे पट्टी पृष्ठभागावरून वळवलेली हवी. हे माप आणि फोटोतलं माप जुळणार नाही. जिथे फरक येतो तिथे पट्टीचं खरं धरा.

हत्यारांच्या खुणा वाचणं

इथे घाई करू नका, जमलं तर दोन बैठका द्या.

जुने कारागीर नक्षीची कडा गोल पटाशी उभी दाबून कापत. हातात मोजक्याच पटाश्या असायच्या, त्यामुळे एकाच वेटोळ्यात तीच वक्रता पुन्हापुन्हा येते. एक कमान इथे, तीच उलटी करून तिकडे. शिवाय ही माणसं पोटासाठी भराभर काम करत होती. पटाशी कधी रेषेच्या पुढे गेली, कधी गरजेपेक्षा खोल उतरली. अशा जागी उठावाच्या पायथ्याशी, पार्श्वभूमीत नखाएवढी चंद्रकोर राहिलेली असते. बाजूच्या उजेडात ती स्पष्ट दिसते. ही चंद्रकोर सापडली की त्या पटाशीची रुंदी आणि वक्रता दोन्ही हातात आली.

फोटो मूळ मापात छापून घ्या. आता स्वतःच्या सगळ्या गोल पटाश्या पारदर्शक फिल्मवर उभ्या दाबून त्यांचे ठसे उमटवा आणि प्रत्येकाशेजारी पटाशीचा क्रमांक (ती किती वळलेली आहे ते सांगणारा) लिहा. ही फिल्म छापील फोटोवर सरकवत जा. बाहेरचं मोठं वळण पाच क्रमांकाशी जुळतं, आत वळल्यावर सात, मग आठ, आणि वेटोळ्याच्या मधल्या डोळ्यापाशी बारीक नऊ, असा काहीतरी क्रम लागेल. तो फोटोवरच लिहून ठेवा. कोरताना नकाशा म्हणून हाच उपयोगी पडतो. स्विस पद्धतीच्या क्रमांकांबद्दल एक सूचना: क्रमांक सारखा असला तरी रुंदी वाढली की वर्तुळ मोठं होतं. सहा मिलिमीटरच्या सात नंबरचा ठसा दहा मिलिमीटरच्या सात नंबरला लागू होत नाही.

झिजलेल्या भागाचं काय करायचं? दोनशे वर्षं गाल आणि हात घासून वरच्या कडा गोल झालेल्या असतात. झीज जशीच्या तशी कोरली तर नक्षी साबणाच्या वडीसारखी दिसते. झीज न पोचलेला कोपरा शोधा. बहुतेकदा तो चीकपीसच्या सांध्यापाशी, खोलगट जागी मिळतो. तिथली कडा किती तीक्ष्ण आहे ते बघा आणि सगळी नक्षी तेवढ्या तीक्ष्णतेने कोरा. झिजवायची असेल तर शेवटी, खरी झीज जिथे होते तिथेच.

हत्यारं

फार लागत नाहीत. साठ अंशांची बारीक व्ही-पटाशी, तीन, पाच, सात आणि आठ-नऊ क्रमांकांच्या चार ते आठ मिलिमीटर रुंदीच्या गोल पटाश्या, एक अरुंद तिरपी पटाशी, पार्श्वभूमीसाठी मान वाकलेली सपाट पटाशी, दोन-तीन छोटे स्क्रेपर, एक बारीक वाकडी कानस. तुटक्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे घासून केलेले स्क्रेपर विकतच्यांपेक्षा सरस ठरतात, कारण कोपऱ्याच्या आकाराचे करून घेता येतात.

धार मात्र एकदम कडक हवी. वीस ते पंचवीस अंशांचा उतार, दगडावर नीट बसवलेला, मग चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावून चकचकीत केलेला. मऊ पाइनच्या तुकड्यावर रेषांना आडवा काप घेऊन बघा. काप काचेसारखा चमकला तर धार ठीक. पांढरट, कुसळं उठलेला दिसला तर परत पट्ट्यावर. मेपल कोरताना दर पाच-दहा मिनिटांनी पट्टा लागतो, तो मांडीपाशीच ठेवा.

लाकूड आणि राखून ठेवायचा दीड मिलिमीटर

मूळ दस्ते बहुतेक मेपलचे, त्यातही पट्टेदार मेपलचे. या लाकडाचे तंतू नागमोडी असल्याने रेषेची दिशा दर काही मिलिमीटरला उलटते. म्हणून सरळ ढकललेली पटाशी कुठेतरी लाकूड उपटतेच. उपाय म्हणजे काप बाजूला सरकवत घेणे, सुरीने फळ चिरतो तसा. भारतात असं मेपल महाग पडतं. सरावाला वाफवलेलं बीच घ्या, ते इथल्या लाकूडबाजारात मिळतं. शिसवात बारीक कडा छान टिकते, पण हात दुखतो. साग या कामाला मला आवडत नाही. त्याच्या रेषा उघड्या असतात आणि बारीक टोकं त्या रेषांवरच तुटतात.

नवशिके हमखास विसरतात ते असं. उठाव म्हणजे वर चिकटवलेली वस्तू नाही, तो दस्त्यातूनच निघायचा असतो. म्हणून दस्त्याला आकार देताना जिथे नक्षी यायची आहे तिथे दीड ते दोन मिलिमीटर लाकूड जादा ठेवा. चीकपीसच्या मागे, टँगभोवती (नळीमागची धातूची जीभ), लॉकच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) आणि त्याच्यासमोरच्या बाजूच्या पट्टीच्या शेपटापाशी, आणि ठासणीचा गज दस्त्यात शिरतो तिथे. मूळ बंदुकांवर तयार उठाव एक मिलिमीटरच्या आसपास असतो, कधी त्याहून कमी. तीन मिलिमीटर उंच कोरलेली नक्षी मेजाच्या पायावर शोभेल.

आणि दस्त्याला हात लावण्याआधी तीच नक्षी, त्याच मापात, त्याच लाकडाच्या फळीवर एकदा पूर्ण कोरा. अर्धी नाही, पूर्ण.

आखणी

कार्बन पेपर वापरू नका. त्याचा मेणकट अंश लाकडात राहतो आणि रंग लावल्यावर तिथे फिकट रेघ उमटते. बॉलपेनही नको. ट्रेसिंग पेपरच्या मागे मऊ पेन्सिल घासून त्यावरून उतरवा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मुख्य खुणा उतरवून बाकीचं हाताने काढा.

हाताने काढताना आधी जाडी विसरा. प्रत्येक वळणाची फक्त मधली रेषा काढा, एका दमात, खांद्यातून हात फिरवून. ही रेषा चीकपीसमधून निघून बटप्लेटकडे वाहत गेली पाहिजे. दस्ता हात लांब करून धरा आणि बघा. कुठे ती अडखळत असेल तर तिथेच खोडा. प्रवाह जमल्यावर दोन्ही बाजूंनी जाडी भरा. वेटोळं आत जाताना जाडी सलग कमी होत जायला हवी. मध्येच फुगली की डोळा तिथे अडतो, मग बाकी सगळं कितीही नीट असो.

टँगमागची नक्षी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. अर्धी काढून कागद दुमडा आणि उलटवा. मुळात त्या दोन बाजू तंतोतंत नसतात हे लक्षात ठेवा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकासाठी जीव टाकू नका.

बाह्यरेषा कापणे

व्ही-पटाशीने रेषेच्या बाहेरून, पेन्सिलीची रेघ शाबूत ठेवून, अर्धा मिलिमीटर खोल चर काढा. ही चर म्हणजे उभ्या कापासाठी मोकळी जागा. ती नसेल तर उभी पटाशी दाबताना लाकूड दोन्ही बाजूंना फाकतं आणि नक्षीची कडाच फुटते.

मग तुमचा क्रमांकांचा नकाशा समोर ठेवून त्या-त्या गोल पटाशीने रेषेवर उभे काप घ्या. पटाशी अगदी सरळ उभी नको, तिचा दांडा किंचित नक्षीच्या आतल्या बाजूला कललेला हवा, म्हणजे उठावाची भिंत खाली जाताना बाहेर पसरते. आत कापलेली भिंत दोन दिवस सुंदर दिसते, मग नखाच्या धक्क्याने तिचा तुकडा पडतो. जोर हाताचाच; मोगरी घ्यायची तर छोटी, आणि टिचकीएवढाच ठोका. एका दमात पूर्ण खोली गाठू नका. उभा काप, मग बाहेरून आडवा काप घेऊन चीप काढणे, मग पुन्हा उभा काप, असे तीन-चार थर.

दोन लगतच्या कापांच्या सांध्यावर खरी कसोटी. पुढचा काप मागच्या कापाच्या टोकात थोडा शिरला पाहिजे, नाहीतर वळणाला कोपरा येतो. पटाशीचं एक टोक आधीच्या खाचेत टेकवा, तिथेच धरून दुसरं टोक रेषेवर उतरवा आणि मग दाबा. ही हालचाल फळीवर हातात बसली की दस्त्यावर फारसा त्रास होत नाही.

पानांची टोकं जिथे लाकडाच्या रेषेला आडवी जातात तिथे ती कच्ची असतात. टोकाकडून आत कापू नका. आतून टोकाकडे या, आणि टोकाभोवतीचं लाकूड सर्वांत शेवटी काढा. तुकडा उडालाच तर तो शोधा, काम थांबवून लगेच चिकटवा. चिकटवल्यावर बाहेर आलेला गोंद खरवडून काढा, नाहीतर तिथे रंग धरणार नाही.

पार्श्वभूमी

बघणाऱ्याला वेटोळी दिसतात. काम करणाऱ्याचा वेळ मात्र त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत जातो. नवख्याचं काम ओळखायचं तर मी नक्षीकडे बघतच नाही, पार्श्वभूमीकडे बघतो. तिथे खळगे असतील, किंवा नक्षीभोवती खंदक खणल्यासारखी दरी असेल, तर कोरणारा घाईत होता.

पार्श्वभूमी म्हणजे दस्त्याचा खरा पृष्ठभाग. नक्षी काढून टाकली तर दस्ता तिथे जसा गोल दिसला असता, तशीच ती हवी. म्हणून ती कडेला खाली आणि दूर वर अशी ठेवून चालत नाही. तीन क्रमांकाच्या पसरट पटाशीने लाकूड खाली न्या आणि नक्षीपासून दोन-तीन इंच लांबपर्यंत ते दस्त्यात मिसळा. बोटं फिरवून तपासा, डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं. डोळे मिटून हात फिरवला आणि नक्षीच्या आधी कुठे चढ-उतार लागला, तर तिथे अजून काम आहे.

वेटोळ्यांच्या आतल्या अरुंद जागी वाकलेली पटाशी, मग स्क्रेपर. पॉलिश पेपर शक्यतो लांब ठेवा. तो कडा गोल करतो आणि कोपऱ्यात पोचत नाही. वापरायचाच तर लाकडाच्या छोट्या सपाट पट्टीवर गुंडाळून आणि फक्त मोकळ्या जागी. काही मूळ बंदुकांवर ही जागा बारीक पंचने ठिपके मारून भरलेली दिसते. तुमच्या नमुन्यावर ते नसेल, तर आपले खळगे झाकायला ठिपके मारू नका.

उठावाला घडण

इथवर आलात की नक्षी बिस्किटासारखी सपाट आणि सारख्या उंचीची दिसते. आता तिला जीव आणायचा. सी-वळणात साधारणपणे बाहेरची कडा उंच राहते आणि आतल्या कडेकडे उतार जातो. सात क्रमांकाने वळणाच्या पोटात उथळ पन्हळ काढा, सुरुवातीला रुंद, वेटोळ्यात शिरताना अरुंद. वेटोळं डोळ्याकडे जाताना खाली उतरतं आणि डोळा पुन्हा वर येतो. बारीक नऊ क्रमांकाची पटाशी उभी धरून जागच्या जागी फिरवली की डोळ्याचं वर्तुळ कापलं जातं.

एक वळण दुसऱ्याच्या खालून जातं तिथे खालचं आधी उतरवून घ्या. पानांच्या शिरा शेवटी, व्ही-पटाशीने, एका दमात. थांबत थांबत काढलेली शीर थांबलेलीच दिसते. किती शिरा काढायच्या ते मूळ फोटोत मोजा. आपल्याला नेहमी दोन जास्त काढाव्याशा वाटतात.

टँगमागची नक्षी, लॉकपट्टीची शेपटं आणि पुढच्या दस्त्यावरची लांब पट्टी याच पद्धतीने होतात. वेगळं एवढंच की लांब पट्टी कडेला टेकवून समांतर रेघ ओढणाऱ्या हत्याराने आखून घ्यायची, हाताच्या भरवशावर नाही.

कुसळं, रंग आणि तेल

कोरून झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड दमट करा. वाळलं की कुसळं उभी राहतात, ती स्क्रेपरने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने अलगद काढा. हे दोनदा करा, नाहीतर रंग लावताना सगळी नक्षी खरखरीत होते.

जुने कारागीर नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं द्रावण मेपलवर लावत. ते घरी बनवू नका, त्याचे धूर घातक असतात. तयार फेरिक नायट्रेटचे स्फटिक पाण्यात, साधारण एकास तीन या प्रमाणात विरघळवले की तेच काम होतं. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. लावल्यावर लाकूड हिरवट-पिवळं दिसतं आणि आपण घाबरतो. वाळू द्या, मग हीट गनने सावकाश तापवा. पाहता पाहता तपकिरी-लाल रंग चढतो आणि पट्टे उठून येतात. गन एका जागी धरली तर नक्षीची पातळ टोकं आधी करपतात, म्हणून ती हलती ठेवा. नंतर काही जण खायच्या सोड्याच्या पातळ पाण्याने उरलेलं आम्ल मारतात; मीही करतो. हा उपाय मेपलचा आहे. शिसवावर त्याची गरज नाही, तेल पुरे.

मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर कोपऱ्यातलं जादा तेल ब्रशने ओढून घ्यायचं. कोपऱ्यात साचलेलं तेल चिकट होऊन बसतं आणि तुमच्या सगळ्या तीक्ष्ण कडा बुजवतं. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ढिगात ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जुनेपणाचा साज चढवायचा असेल तर खोलगट जागी गडद रंग मुरवून उंच भाग फडक्याने पुसतात, कारण खऱ्या बंदुकीत मळ आणि काजळी खोलातच साठते. एवढं करणं चुकीचं नाही, पण तेवढ्याने वस्तू फसवी होऊ शकते. नळी बसवण्याआधी तिच्या खाचेत तुमची आद्याक्षरं आणि साल पटाशीने खोदा. पेन्सिलीने लिहिलेलं पुढचा मालक पुसू शकतो. नळी असलेली प्रतिकृती असेल तर जुने कारागीर जिथे सही करत, त्या नळीच्या वरच्या पैलूवर स्वतःचंच नाव घाला, डिकर्टचं नाही.